पुढे केलेला हात

दांडपट्टा फिरवावा तर हैबती वस्तादांनी. दर दसऱ्याला त्यांची बायको तुळसाक्का तळहातावर लिंबू धरून उभी राही आणि शेजारणीशी गप्पा मारत राही. वस्तादांचा पट्टा फिरे, लिंबाच्या दोन फोडी होत, पण तुळसाक्काचं बोलणं काही तुटत नसे.

ते पाहून सरदार मानसिंगरावांना वस्तादकीचा फेटा हवासा झाला. चार दिवस ते तालमीत आले, मातीच्या ढिगावर लिंबं ठेवून कापू लागले. लिंबाबरोबर ढीगही चिरला जाई, तरी भोवतालचे खुशमस्करे वाहवा करत. दसऱ्याला तालमीच्या अंगणात सरदार म्हणाले, "वस्ताद, फेटा बांधा. नाहीतर उद्यापासून तालमीला कुलूप."

वस्तादांनी फेटा हातात घेतला. "बांधतो, सरकार. फक्त रिवाजाप्रमाणे कोणाच्या तरी तळहातावरचं लिंबू कापा. एवढे जण वाहवा करतात, त्यांतल्या कोणीही हात पुढे करावा."

वाहवा थांबली. दिवाणजींनी हात शालीत घेतले, मेहुण्यांनी पाठीमागे बांधले.

सरदार चिडले. "मग तुळसाक्का तुमच्यापुढे कशी उभी राहते?"

"लग्नानंतर कित्येक वर्षं तीही राहत नव्हती, सरकार," वस्ताद म्हणाले. "मी रोज ढिगावरची लिंबं कापायचो, ती रोज ढीग बघून जायची. ढिगावर चरा उठायचा थांबला, तेव्हा तिनं न सांगता हात पुढे केला."

सरदारांनी लिंबू उचललं आणि मुकाट्याने मातीच्या ढिगावर ठेवलं.