मागे मागे जाणारी ताई

खूप खूप डोंगर ओलांडले की एक हिरवं हिरवं बेट लागायचं, बांबूचं बेट. त्या बेटाच्या सावलीत एक इवलंसं घर होतं, आणि त्या घरात नऊ वर्षांची बकुळा सकाळपासून उपाशी होती. कालही उपाशीच होती.

घरात आई होती, बाबाही होते. पण असून नसल्यासारखे.

बकुळाची ताई, अनसूया, पावसाळ्याच्या तोंडाला शिकायला गेली. सात डोंगरांपलीकडे मोठं विद्यापीठ होतं. तिथे झाडापानांची औषधं शिकायची असं तिनं लहानपणीच ठरवलं होतं, शिकून घ्यायची आणि मग इतरांना शिकवायची. निघाली त्या दिवशी बाबांनी सगळ्या गावाला गूळ वाटला. आईनं तिची वेणी तीनदा सोडली आणि तीनदा घातली. ताई वळणापलीकडे दिसेनाशी झाली, आणि दोघं घरात आली ती जणू दुसरीच माणसं होऊन.

बाबा टोपल्या विणायचे. त्यांच्या सुपाला नि रोवळीला चार गावांत मागणी होती. आता विणायला चिरलेल्या बांबूच्या कामट्या अंगणात पडून वाळल्या. बाबा सकाळी उठून रस्त्याच्या वळणावर जाऊन बसत आणि दिवस मावळला की परत येत. आई ताईच्या अंथरुणावर पडून राही. चूल पेटली तर पेटली.

"आई, भूक लागली," बकुळा म्हणे.

"अनू जेवली असेल का ग?" आई छपराकडे बघत विचारी.

मग बकुळा स्वतःच रानात जाई. बोरं वेची, करांद्याचे कंद खणी, भाजून आईबाबांपुढे ठेवी. ती धड खात नसत. तिचा झगा दिवसेंदिवस ढगळ होत गेला, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

एके दिवशी ती बेटात गेली आणि बघते तर काय! सगळा बांबू फुलला होता. आयुष्यात एकदाच फुलतो ना तो, तसा. उंच उंच शेंड्यांपासून जमिनीपर्यंत पिवळीधमक, नाजूक नाजूक तुरे लोंबत होते. वाऱ्याची झुळूक आली की सोनेरी भुकटी झिरमिर झिरमिर खाली यायची. आणि त्या सगळ्या झगमगाटात, दोन पेरांच्या मधे कोळ्याच्या जाळ्यात, काहीतरी इटुकलं पिटुकलं फडफडत होतं.

फुलपाखरू नव्हतं ते. अंगठ्याएवढी परी होती! पंख तांदळाच्या सालीसारखे पातळ, त्यांच्यावर मोरपिशी नि गुलाबी ठिपके, आणि डोळे दवासारखे चमकदार. एक पंख जाळ्यात चिकटला होता.

"हलू नका हं," बकुळा म्हणाली. तिनं फुंकर घालत, एकेक धागा सोडवत पंख मोकळा केला. परी तिच्या तळहातावर धपकन बसली.

"तीन दिवस अडकले होते," परी म्हणाली. तिचा आवाज छोट्या घुंगरासारखा होता. "पोटात काही नाही."

बकुळाजवळ एकच भाजलेला करांदा होता. तिनं तो सोलला, चिमूट चिमूट करून परीला भरवला. परी एवढीशी, पण खाल्लं तिनं सगळंच! बकुळानं बोटं चाटली आणि हसली.

परीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग तुऱ्यातून दोन दाणे तोडून तिच्या ओंजळीत टाकले. ते सोन्याच्या मण्यांसारखे लकाकत होते.

"दोन दाणे, दोन मागण्या. दाणा मुठीत धरायचा आणि मोठ्यानं बोलायचं. पण नियम ऐक बाळा. दुसऱ्या मागणीनं पहिली पुसता येत नाही. आणि जे पुढे निघालेत त्यांना मागे बोलावशील, तर ते मागेच जात राहतील. रोज एक वर्ष."

"म्हणजे?"

"म्हणजे थांबणार नाहीत. ज्यांच्यासाठी बोलावलंस, त्यांनीच 'जा' म्हटलं तर थांबतील. दोघं असतील तर दोघांनी. आणि नुसत्या ओठांनी नाही, आतून."

बकुळाला सगळं कळलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे छपराकडे बघणारी आई होती. तिनं दाणा मुठीत घट्ट धरला आणि म्हणाली, "आईबाबांसाठी, माझी ताई पहिल्यासारखी घरी येऊ दे."

ती घरी पोचली तेव्हा ताई दारात उभी होती!

काय आनंद झाला त्या घराला! आईनं चूल पेटवली. बाबांनी कोयता घासला. ताई म्हणाली, "मला काही आठवतच नाही, मी कशी आले ते." पण कोणाला पर्वा होती? बकुळा ताईच्या कुशीत शिरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी ताईनं आपलं जाडजूड पुस्तक उघडलं आणि तिला त्यातलं काही कळेना. चौथ्या दिवशी तिची परकर-चोळी सैल झाली. नवव्या दिवशी ती बकुळाएवढी झाली. दोघींनी दिवसभर सागरगोटे खेळले. खेळता खेळता ताई थांबली आणि म्हणाली, "बकू, मला शिकायचं होतं काहीतरी. काय ग ते?"

बकुळाच्या हातातले सागरगोटे गळून पडले. तिला आता सगळं कळलं होतं. ती धावत गेली आणि तिनं आईबाबांना सगळं सांगितलं.

बाबांनी हातातला कोयता खाली ठेवला. मग ते ताईजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा पोरी. माझं मी बघेन."

त्यांनी आतूनच म्हटलं होतं. पण आईनं तोंड फिरवलं.

"पारू, तूही म्हण," बाबा म्हणाले.

"काय वाईट झालंय?" आई म्हणाली. "मला माझी पोर परत मिळाली. मी तिला नीट खेळवलीच नव्हती. कामात होते तेव्हा."

ती जुनं लुगडं फाडून झबली शिवायला बसली. एकापेक्षा एक लहान झबली. पंधराव्या दिवशी ताई तीन वर्षांची झाली, बोबडं बोलू लागली. आई तिला घास भरवी, काऊचिऊ दाखवी आणि हसे. त्या हसण्याची बकुळाला भीती वाटायची.

"आई, उद्या ती दोन वर्षांची होईल. मग एक. मग?"

"बोलू नकोस. माझी लेक माझ्या मांडीवर आहे. मला दुसरं काही नको."

दुसरं काही नको. बकुळा दारात उभी होती, अगदी समोर.

सतराव्या दिवशी आईनं एकदा "जा" म्हटलं. बाबांनी हातापाया पडून म्हणवून घेतलं. पण म्हणताना तिनं बाळाला आणखी घट्ट धरलं होतं, आणि काहीच घडलं नाही.

अठराव्या सकाळी ताई ओंजळीत मावेल एवढी होती. डोळे मिटलेले. रडण्याएवढंही बळ तिच्यात नव्हतं. दिवस पुढे सरकत होता, तसा तिचा श्वास बारीक बारीक होत चालला होता.

बकुळानं उरलेला दाणा घेतला. दारात थांबून ती म्हणाली, "आई, मी परीकडे चाललेय. माझी नऊ वर्षं ताईला देऊन टाकते. ती पुसण्याची मागणी नाही, देण्याची आहे. म्हणजे चालेल बहुतेक."

आईनं मान वर केली नाही. बकुळा गेली.

मग त्या शांत घरात ते शब्द हळूहळू आईच्या कानांतून आत उतरले. नऊ वर्षं. बकुळाला नऊच तर वर्षं होती. ती ताडकन उठली आणि बाळाला छातीशी धरून अनवाणी धावत सुटली. मागोमाग बाबा.

बेटात सोनेरी भुकटी झरत होती. तिच्यात बकुळा उभी होती, मूठ मिटून, आणि तोंड उघडून म्हणत होती, "माझी नऊ—"

"थांब!" आई किंचाळली.

बकुळा वळली. आणि किती तरी महिन्यांनी आईनं तिच्याकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली. केसांत गुंता. टाचांना भेगा. खांद्यावरून ओघळणारा झगा.

"बकू," आई म्हणाली, "तू कधीपासून एवढी वाळलीस ग?"

"ताई गेल्यापासून," बकुळा म्हणाली. तिनं तक्रार केली नव्हती. आईनं विचारलं म्हणून सांगितलं होतं.

आई तिच्यापुढे खाली बसली. एका हातात बाळ होतं, दुसऱ्या हातानं तिनं बकुळाला ओढून घेतलं. तिच्या तोंडून हुंदका फुटला, एखादी जड वस्तू उचलताना निघतो तसा. मग तिनं बाळाला बांबूखाली पडलेल्या मऊ मऊ पानांवर ठेवलं. हात सोडवायला तिला फार वेळ लागला. एकेक बोट सुटत गेलं.

"जा, अनू," ती म्हणाली. "शिक. माझ्याशिवाय मोठी हो."

झळाळून उजेड पडला. आणि पानांवरून एक अठरा वर्षांची मुलगी उठून बसली, नुकतीच डुलकी लागल्यासारखी.

"अगं बाई, माझी परीक्षा!" ती म्हणाली.

बाबा रडता रडता हसले. ताई आईच्या पाया पडली. आईनं तिची वेणी घातली, एकदाच, आणि हात मागे घेतले. ताई वळणापलीकडे गेली तेव्हाही आईनं हाक मारली नाही.

बकुळाच्या खांद्यावर परी येऊन बसली. बांबूचे शेंडे आता सुकू लागले होते.

"फुलून झालं की बांबू मरतो, आणि आम्हीही जातो," परी म्हणाली. "तुझ्या मुठीत एक दाणा आहे. त्याला कसलाच नियम नाही. नऊ वर्षं द्यायला निघालेल्या मुलीला मी काय नियम घालू? फक्त एवढंच, की स्वतःसाठी माग."

बकुळानं खूप विचार केला. रेशमी झगा? खेळणी? ताई?

"आईबाबांना भूक लागू दे," ती म्हणाली. "मला एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय."

परी घुंगरांसारखी हसली. तिच्या पंखांतले मोरपिशी नि गुलाबी ठिपके पेटले, मग पांढरे झाले, मग सगळं बेट उजेडानं भरून गेलं. त्या उजेडात ती विरघळली आणि वरून टपटप टपटप सोन्यासारखं बांबूचं धान्य पडू लागलं, डोक्यावर, खांद्यांवर, आईच्या पदरात.

उजेड ओसरला. रान शांत झालं. आणि बाबांचं पोट एवढ्या मोठ्यानं गुरगुरलं, की झाडावरचा पोपट उडाला.

त्या दुपारी आईनं बांबूचा भात रांधला. पहिला घास तिला गिळवेना. तिनं डोळे पुसले, तो गिळला आणि दुसरा घेतला. मग बकुळाच्या ताटात बघून ती म्हणाली, "एवढासाच? अजून घे."

बकुळानं ताट पुढे केलं.