सगुणाबाईची नवी धार

फार वर्षांपूर्वी, हिरडवाडीत विजेचा खांब यायच्याही आधी, सगुणाबाई पांचाळ नावाची एक बाई होऊन गेली. तिच्या ओसरीवर लेथ होता. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून नवऱ्यानं तो बैलगाडीत घालून आणला, बसवला, आणि पुढं तापाच्या साथीत बिचारा गेला. बाईनं लेथ घरातून हलू दिला नाही. एकानं भलंमोठं चाक हातानं फिरवायचं, की लेथ फिरायचा आणि बाई लोखंड मुळ्यासारखं सोलायची. सोलायची हत्यारंही ती घरीच करायची. असं म्हणतात, तिनं नुसतं बोट फिरवलं तरी गंजक्या पट्टीला धार यायची. ते असो, पण हत्यार दगडावर घासताना जी करकर व्हायची, तिनं शेजाऱ्यांचे दात आंबायचे एवढं मात्र खरं.

शेजारी राहायची हौसा. तोंडानं फटकळ, मनानं निर्मळ. करकर सुरू झाली की ती कुडावरून ओरडायची, “सगुणाबाई, बास की आता! माझ्या म्हशीनं पान्हा चोरलाय बघा!”

“तिला सांग, मावशी धार लावतीया,” असं म्हणून बाई घासतच राहायची.

हिरडवाडीची एक रीत होती. खंडेनवमीला गावातली सगळी धार विसावा घ्यायची. विळे, कुऱ्हाडी, छिन्न्या, पहारी, सगुणाबाईची हत्यारंसुद्धा, हळदकुंकू लावून डोंगरावर वाघजाईच्या पायाशी नेऊन ठेवायची, ती दसऱ्याला परत आणायची. घरात साधी विळीही उरायची नाही. त्या दिवशी भाजी हातानं मोडून करायची.

त्या वर्षी नवमीच्या सकाळी हौसाचा नवरा रखमाजी गावच्या विहिरीत पावसानं वाहून आलेला गाळ काढायला उतरला होता. काठावरचं तेलाचं इंजिन पंपानं पाणी उपसत होतं. अचानक कडेची दरड सुटली आणि एक धोंडा रखमाजीच्या पायावर बसला. लोक धावले, तोच पंपाची खीळ तुटली आणि पाणी उपसायचं थांबलं. पावसाळा नुकताच सरलेला, झरे जोरात. पाणी चढू लागलं. गढूळ पाण्याखाली धोंडा दिसेना, वासा कुठं घालावा कळेना. घागरींनी उपसून झरे थोडेच हटतात! कुणीतरी हत्यारं आणायला डोंगराकडं पळालं, पण जाऊन यायला दिवस मावळला असता.

हौसा धावत ओसरीवर आली. “बाई, माझा धनी बुडतोय. खीळ करून द्या.”

“आस पडलाय मोडक्या गाडीचा, खीळ हुईल त्याची,” सगुणाबाई म्हणाली. “पण सोलायला हत्यार न्हाई गं. समदी धार वर गेली.” तिनं अंगणात नजर टाकली. गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून एक झिजलेली कानस खोचली होती. तिचे दात कधीच गेले होते, म्हणून ती कुणी पुजलीही नव्हती. बाईनं ती उपसली. “धार न्हाई तर करू. भाता वढ.”

हौसानं भाता ओढला. कानस लाल झाली, बाईनं ठोकून तिचं टोक घडवलं, दगडावर घासलं. तीच ती करकर! हौसाला वाटलं, ही थांबू नये, देवा, ही थांबू नये. मग टोक पुन्हा तापवून, जास्वंदीसारखं लाल झाल्यावर बाईनं करंजाच्या तेलात बुडवलं.

“झालं का? चला!” हौसा उठली.

“बस. आत्ता लावलं तर काचंसारखं फुटंल.” बाईनं टोक घासून चकचकीत केलं आणि मागच्या बाजूनं हळूहळू शेकत बसली. लोखंडावर पिवळा रंग सरकू लागला, मुंगीच्या पावलानं.

विहिरीकडून आरडाओरडा आला. हौसा रडायला लागली. “बुडवा की ओ ते तेलात! किती वाट बघायची?”

“गव्हाच्या काडीचा रंग टोकाला येऊ दे,” बाई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण हात हलला नाही.

असं म्हणतात, तो रंग सरकत होता तेवढा वेळ पाणी रखमाजीच्या हनुवटीशी थबकलं. विहिरीनंही दम धरला.

रंग आला. चर्रर्र करून हत्यार तेलात गेलं. हौसानं पदर खोचून ते भलंमोठं चाक एकटीनं फिरवलं, आणि आस सोलला जाऊ लागला. असं म्हणतात, त्याची साल कुठंही तुटली नाही. वळ्या घेत ओसरीवरून उतरली, अंगणातून वाटेला लागली, थेट विहिरीच्या काठाशी जाऊन थांबली. खीळ बसली. इंजिन धडधडलं. पाणी उतरलं, धोंडा दिसला, माणसांनी वासा घालून तो उलथवला. रखमाजी वर आला तो पुढं जन्मभर लंगडला, पण जगला, नातवंडं खेळवली त्यानं.

संध्याकाळी हौसा म्हशीच्या दुधाचं भरलं तांब्याभांडं घेऊन शेजारी गेली. उंबऱ्यात बसून रडली. सगुणाबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला.

हिरडवाडीत आता घरोघरी छोटे लेथ आहेत, विजेवर चालणारे. नवमीला धार अजूनही डोंगरावर जाते. पण त्या दिवशी प्रत्येक घर एका झिजलेल्या कानशीचं नवं हत्यार करतं आणि ते स्वतः न ठेवता शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवतं. त्याला सगुणाबाईची धार म्हणतात. आणि करकर सुरू झाली की शेजारीण हातातलं काम थांबवते, विहिरीच्या दिशेनं हात जोडते आणि कुडावरून हाक देते, “लाव बाई धार. सावकाश लाव.”