मोरेश्वर मास्तरांची बचत

आमच्या बोरपिंपळात एक भोळा मास्तर होता. मोरेश्वर त्याचं नाव. भोळा म्हणजे किती? ‘जरा थांब’ म्हटलं, तर दिवेलागणीपर्यंत थांबायचा. घरून माणूस शोधत आला की म्हणायचा, “अजून ‘जा’ म्हणाले नाहीत.”

पण इंग्रजी? इंग्रजी चोख! अख्खं व्याकरण तोंडपाठ. गावाला वाटायचं, एवढं इंग्रजी येतंय म्हणजे डोकं असणारच. आता आम्हाला तरी डोकं कुठं होतं म्हणा.

तर या मोरेश्वराचं मन बसलं कालिंदीवर. कालिंदी दूध डेअरीत फॅट मोजायची. पाणी घातलेलं दूध तिला नुसतं बघून कळायचं. नवरा मात्र तिला काही तपासता आला नाही. तिलाही मोरेश्वरच आवडला.

तिचे वडील आबा घोलप म्हणाले, “पोरगा गुणी आहे, पण खिशाला भोक आहे. वर्षभरात दोन लाख शिल्लक टाकून दाखव. मुलगी तुझी. नाही जमलं, तर नाद सोड.”

मोरेश्वर बोटं मोजत बसला. गावच्या पगारात दोन लाख शिल्लक? शेवटी त्याने पेपरातली जाहिरात बघून अर्ज केला आणि त्याला व्हिएतनामात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. तिथल्या पैशाला डाँग म्हणतात; आपल्या एका रुपयाला तिकडचे तीनशेच्या आसपास. तिथं चहा प्यायलात तरी हजारात मोजावं लागतं.

निघताना सीताराममामांनी त्याला जवळ बसवलं. मामा साखर कारखान्यात तीस वर्षं हिशेबनीस होते. मिरजेच्या पुढं कधी गेले नव्हते, पण परदेशाची माहिती त्यांनाच सगळ्यात जास्त होती.

“हे बघ मोऱ्या, परक्या मुलखात कुणी आकडा सांगितला की निम्मा करायचा. ऐकलं नाही, तर उठून चालायला लागायचं. मागून हाक येतेच.”

“बरं मामा,” मोरेश्वर म्हणाला.

पहिल्याच दिवशी क्लासच्या मुख्य लानबाई त्याला म्हणाल्या, “तुमचा पगार महिन्याला दोन कोटी डाँग.”

“एक कोटी,” मोरेश्वर म्हणाला.

बाईंना वाटलं, परदेशी माणूस आहे, आकडा कळला नसेल. त्यांनी कागदावर लिहून दाखवला. मोरेश्वराने तो खोडून खाली ‘एक’ लिहिला. बाई नको नको म्हणायला लागल्या. मोरेश्वर उठला आणि दाराकडं चालायला लागला. मागून हाक आली. अर्धा तास ओढाताण झाली आणि शेवटी सौदा दीड कोटीवर पटला. इतका हट्टी मास्तर बाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

त्याने आनंदाने मामांना फोन केला. मामांनी पलीकडं कपाळ बडवलं.

“अरे बैला, पगार कमी करून घेतात का? तिथं म्हणायचं, ‘एवढ्यात भागत नाही, वाढवा!’”

“चुकलंच मामा. डोकं नाही, मडकं आहे माझं. पुढच्या वेळी बरोबर करतो.”

आणि पुढच्या वेळी त्याने केलंही.

दुसऱ्या दिवशी तो खोली बघायला गेला. घरमालकीण आजी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि याला तिची भाषा. आजीने कॅल्क्युलेटर काढून भाड्याचा आकडा दाबला. तीस लाख.

मोरेश्वराने मान हलवली. “एवढ्यात भागत नाही, वाढवा.”

आजीला शब्द कळले नाहीत, पण मान हललेली कळली. तिने अठ्ठावीस केले. मोरेश्वराने जोरात मान हलवली, कॅल्क्युलेटर हातात घेतला आणि स्वतःच पस्तीस लाख दाबले. आजीने एकदा आकड्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि त्याचा विचार बदलायच्या आत हात पकडून किल्ली त्याच्या मुठीत कोंबली.

“अरे कर्मा!” मामा फोनवर ओरडले. “आपण देताना वाढवायचं नसतं रे! आता असं कर, खर्च झाला की तो वाटून घेत जा. जेवढी डोकी तेवढे वाटे. आपल्या वाट्याचं मोजायचं आणि मोकळं व्हायचं.”

“हे चांगलंय मामा. मी म्हणजे अगदीच शेणामेणाचा. पुढच्या वेळी तसंच करतो.”

रविवारी लानबाईंनी त्याला घरी जेवायला बोलावलं. बाईंच्या आईने पहाटेपासून राबून स्वयंपाक केला होता. भात, मासा, चार भाज्या, लोणच्यासारखं काहीतरी. मोरेश्वर पोटभर जेवला. मग त्याने डोकी मोजली. पाच. वाट्या मोजल्या. लानबाईंना विचारलं, “मासा काय भावानं आणलात?”

बाईंनी हसत हसत भाव सांगितला. मोरेश्वराने बोटांवर हिशेब केला, खिशातून नोटा काढल्या आणि म्हातारीपुढं ठेवल्या. “हा माझा वाटा. भात दोनदा घेतला, त्याचे वेगळे धरलेत.”

म्हातारी पदर नव्हता म्हणून बाहीला डोळे पुसायला लागली. लानबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. याला वाटलं, पैसे कमी पडले. तो आणखी द्यायला निघाला होता, तेवढ्यात मामांचा फोन आला म्हणून थोडक्यात वाचला.

“नाक कापलंस आमचं! कुणी ‘या बसा’ म्हणून बोलावलं, की आपण पाहुणे. पाहुण्यानं खिशात हात घालायचा नसतो. पोटभर खायचं, ‘वा’ म्हणायचं, हात जोडायचे आणि निघायचं.”

“असं होय! माझ्यासारखा गाढव मीच. आता बघा तुम्ही.”

क्लासच्या वाटेवर शेवयांच्या रश्श्याचं दुकान होतं. सकाळी दुकानवाली बाई रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करून बोलवायची. तिने मोरेश्वरालाही हात केला, खुर्ची पुढं ओढली. याला भरून आलं. परमुलखात किती माया! तो बसला, दोन वाडगे रस्सा प्यायला, ‘वा’ म्हणाला, हात जोडले आणि निघाला.

बाईला वाटलं, मास्तर आहे, आठवड्याचे एकदम देईल. ती रोज भिंतीवर खडूने रेघा ओढत राहिली. मोरेश्वर त्या रेघा बघून खूश व्हायचा. त्याला वाटायचं, तिथं पाहुण्यांची नोंद ठेवायची पद्धत आहे. नवव्या दिवशी बाई रश्श्याचा डाव घेऊन दारात उभी राहिली आणि तिने भिंतीकडं बोट केलं. मोरेश्वर म्हणाला, “वा!” आणि हात जोडले.

तिने त्याच्या चपला काढून घेतल्या. त्या दिवशी मोरेश्वराने अनवाणी वर्ग घेतला.

या वेळी मामा ओरडले नाहीत. दमले होते बिचारे. रडवेल्या आवाजात म्हणाले, “मोऱ्या, असं केलंस तर कालिंदी हातची जाईल रे. नीट ऐक. दुकानात फुकट खायचं नाही, स्वस्तात खायचं. आगाऊ पैसे देऊन टाकायचे. जेवढं आगाऊ, तेवढं स्वस्त. एवढं एक लक्षात ठेव.”

कालिंदीचं नाव ऐकल्यावर मोरेश्वराचेही डोळे भरले. त्या रात्री त्याने शंभर वेळा घोकलं : जेवढं आगाऊ, तेवढं स्वस्त.

सकाळी त्याने मागची थकबाकी दिली आणि महिन्याचे आगाऊ पैसे मोजले. आणि काय सांगू! बाईने चपला परत दिल्या, भाव कमी केला आणि वर रोज एक अंडं फुकट. मामांचं शहाणपण पहिल्यांदाच योग्य जागी पडलं. मग मोरेश्वराने आजीला सहा महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं. आजीने तिसावर आणून दिलं, कारण तिलाही आतल्या आत टोचत होतं. वर्ष भरत आलं आणि शिल्लक पडले आपले दोन लाख चार हजार रुपये!

आम्ही गावात पेढे वाटले. आबा घोलपांनी पासबुकाचा फोटो चष्मा लावून तीनदा बघितला आणि म्हणाले, “हरलो मी. धरा मुहूर्त.” दहा मे, दुपारी बारा सतरा. कालिंदीने डेअरीत आठ दिवसांची रजा टाकली.

मोरेश्वर तिकीट काढायला गेला. तिकिटवाल्या पोरीने सांगितलं, “परवाचं हवं तर तुमचे अठ्ठावीस हजार रुपये. महिन्यानंतरचं वीस.”

मोरेश्वर हसला. आता तो पूर्वीचा मोरेश्वर नव्हता. “आणखी आगाऊ दाखवा,” तो म्हणाला.

तिने दाखवलं. तो म्हणाला, “आणखी.” शेवटी पोरगी म्हणाली, “सर, याच्या पुढं कंप्युटरच जात नाही.” मोरेश्वराने ते तिकीट घेतलं. अकरा हजार! परत न करण्याच्या बोलीवर होतं म्हणून आणखी पाचशे सुटले.

त्याने मामांना फोन केला. “मामा, तिकीट निम्म्याहून कमी भावात!” मामांचा ऊर भरून आला. त्यांनी भाव दोनदा विचारला. तारीख विचारली नाही. आमच्यापैकीही कुणी विचारली नाही. एवढे आम्ही शहाणे.

दहा मे उजाडला. मोरेश्वर विमानातून उतरून थेट मांडवात येणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मांडव भरला. सनई झाली, भटजी आले, आबा घोलपांचा फेटा बांधून झाला. बारा सतरा झाले, एक वाजला. मामांनी फोन लावला. पलीकडून रस्सा ओढल्याचा आवाज आला.

“मोऱ्या! अरे, कुठायस? मुहूर्त टळला!”

“टळू द्या की मामा. आपल्या गावात कुठलं लग्न मुहूर्तावर लागलंय? आमच्या दादाचं नऊचं लग्न दीडला लागलं. थोडं पुढंमागं होतंच.”

“पण येणार कधी तू?”

“पुढच्या वीस मार्चला. साडेसतरा हजार वाचवले मामा!”

मामा पाटाभोवतीच्या रांगोळीवरच बसले. फोन कालिंदीने घेतला. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात हार, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही.

“अहो,” ती म्हणाली, “मी मांडवात उभी आहे. मी काय करू आता?”

मोरेश्वराने हातातला वाडगा खाली ठेवला. त्याला तिची फार फार दया आली.

“उभी राहू नकोस गं,” तो कळवळून म्हणाला, “पाय दुखतील. दहा महिन्यांचाच प्रश्न आहे, खुर्ची घे.”