खिडकी नसलेली भिंत

एकदा एका तरुण वैद्याला समुद्रकाठच्या गावात भाड्याने घर मिळेना. खरे सांगायचे तर घरे मिळत होती, पटत नव्हती. त्याच्या वृद्ध गुरूंनी त्याला त्या कोळीवाड्यात रुग्णसेवेसाठी धाडले होते. बायको तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी वाट पाहत होती आणि घर ठरल्याशिवाय तिला आणणे शक्य नव्हते. तरीही प्रत्येक घरात याला खोट दिसे. एकाचे अंगण अरुंद, दुसऱ्याला सुक्या मासळीचा वास, तिसऱ्याचा शेजारी सारखा खोकणारा. वैद्याला खोकल्याचा जाच व्हावा, हेही विशेषच! देवळाच्या धर्मशाळेत पाठ टेकायची आणि उजाडले की पुन्हा वणवण सुरू. जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

शेवटी खाडीच्या तोंडाशी, टेकाडावरचे चांगुणाबाईंचे घर त्याच्या मनात भरले. दोन खोल्या, पडवी, गोड्या पाण्याची विहीर. फक्त समुद्राकडची भिंत सबंध आंधळी, नुसती पांढरीफेक.

"इथे मोठी खिडकी पाडून घेतो," तो म्हणाला.

"खिरकी नाय पारायची, बाला," चांगुणाबाई म्हणाल्या. "भित हाय तशीच ऱ्हायली पायजे. पटत आसंल तं ऱ्हा."

कारण सांगावे असे त्यांना वाटले नाही; गावात ते कुणाला सांगावेच लागत नसे. वैद्य तणतणत निघाला तो थेट शेजारच्या गावी, गुरूंकडे. "समुद्रकाठी राहायचं आणि समुद्र दिसायचा नाही! म्हातारी हट्टी आहे. तुम्ही शब्द टाकलात तर ऐकेल."

गुरू त्याच्यासोबत आले. घर त्यांनी बाहेरूनच न्याहाळले. मग चांगुणाबाईंशी बोलायचे सोडून ते किनाऱ्यावर जाळे आवरणाऱ्या एका नाखव्याकडे गेले आणि म्हणाले, "उद्या याला होडीतून सोबत न्या."

"गुरुजी, मला घर हवंय, मासळी नको," शिष्य चिडून म्हणाला.

"जाऊन तर ये," एवढेच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी होडी परतू लागली तेव्हा वारा उठला होता. लाटा अंगावर येत होत्या आणि किनारा धुरकटून गेला होता. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. त्यांतून होडीला जायला एकच वाट.

"पांढरी भित दिसते का बघ रं," नाखवा ओरडला. "तिच्यावर नजर धरून होरी घातली का वाट गावते."

शिष्य डोळे ताणून पाहू लागला. माडांची काळसर रेघ तेवढी दिसत होती. त्याने नाकारलेली सगळी घरे त्या रेघेत हरवली होती. आपण आता लेकराचे तोंड पाहणार नाही, असे त्याला खरोखरच वाटले. आणि मग त्या धुरकटपणात एक पांढरा ठिपका उमटला. "ती बघा! ती बघा!" तो पोरासारखा ओरडला. नाखव्याने होडी वळवली.

किनाऱ्यावर गुरू उभे होते. होडीतून उतरणाऱ्या शिष्याला त्यांनी हात दिला.

"घरातून मला काय दिसेल, एवढंच तू प्रत्येक ठिकाणी विचारलंस," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून एकही घर तुला पुरेना. आपलं घर कुणाला दिसतं, आणि ते दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो का, हेही विचारावं. वैद्याने तर आधी तेच विचारावं."

त्याच पावली जाऊन शिष्याने चांगुणाबाईंकडून किल्ली मागून घेतली आणि बायकोला निघून येण्याचा निरोप धाडला.

संध्याकाळी वारा आणखी वाढला. शिष्य अंगणात येरझारा घालत होता, पूर्वीइतकाच बेचैन. चांगुणाबाईंना नवल वाटले. "आता काय झाला, बाला? घर तं गावला नं?"

समुद्रावरची नजर न काढता तो म्हणाला, "एक होडी अजून यायची आहे."