विरजणाची वाटी

"सिद्दी बाहेरचे आहेत. बाहेरच्यांनी कोटाबाहेर राहावं!" शंखबंदरच्या रायाजीराजांनी भर दरबारात हुकूम सोडला. आणि राजेसाहेब एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत!

कानाशी लागले होते भिकोपंत कारभारी. बंदर म्हटलं की नाना तऱ्हेची माणसं. कोळी होते, तेली होते, अरब सौदागर होते. पण पंतांच्या डोळ्यांत सलायची ती सिद्द्यांची चाळीस घरं. सात पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडच्या हबशी मुलखातून आलेली. कातडी काळी, केस कुरळे, म्हणून लांबून ओळखू यायची, एवढाच काय तो त्यांचा अपराध! कोटाचा दरवाजा राखायचा त्यांनी, पहाटेचा नगारा वाजवायचा त्यांनी, आणि दरबार भरला की उभं राहायचं मात्र उंबऱ्याबाहेर.

"उद्या दिवेलागणीच्या आत वाळूच्या दांड्यावर चालते व्हा," राजे म्हणाले. "तुमची एक काडीसुद्धा कोटात राहता कामा नये. आणि आमची एक काडी नेलीत तर याद राखा!"

दांड्यावर गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. तिथं म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरं जगणार कशी? याकूब नगारच्यानं उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. त्याची लेक जैतून मात्र दोन पावलं पुढं आली.

"सरकार, एक विचारू?"

"विचार."

"आमचं ते सगळं न्यायचंच?"

"न्यायचंच!"

"आणि एखादी वस्तू नेताच आली नाही तर?"

राजे मिशीत हसले. "तर जाऊच नका! पण गाडीत घालून नेता येत नाही, अशी कुठली वस्तू आहे तुमच्याकडं?"

"शब्द दिलात, सरकार?"

"दिला!"

घरी आल्यावर याकूब कावला. "गो बाय, लोक खुंट्या उपटतायत नि तू चुलीपाशी भांडी कसली घासतेस?"

"भांडी नाही बावा, एकच वाटी," जैतून म्हणाली आणि काळ्या शिसवी वाटीला आणखी थोडी राख लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजे जेवायला बसले. राजवाड्याचं दही म्हणजे सुरीनं कापावं असं! शेवटी दहीभात नसला तर राजांना जेवल्यासारखंच वाटत नसे. त्यांनी भातावर दही ओढलं, घास उचलला, तोच दारातून आवाज आला,

"थांबा सरकार! ते आमचं आहे!"

"ही काळी पोर थेट सरकारांच्या पानापर्यंत आलीच कशी?" भिकोपंत ओरडले.

"पंत, तवाही काळाच असतो. तुम्ही भाकरी काय चांदीच्या ताटावर भाजता?"

वाढपी तोंडाला पंचा लावून वळला. जैतूननं शिसवी वाटी राजांसमोर ठेवली. "ओळखलीत?"

न ओळखून कसं चालेल! दर दसऱ्याला सिद्द्यांकडून ती विरजण भरून यायची आणि शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवू नये म्हणून राजवाड्यातून गूळ भरून परत जायची. राजांचे पणजोबा घाट उतरून आले तेव्हा जवळ चार घोडी नि एक तलवार. कोटाचा दरवाजा उघडला तो जैतूनच्या पणज्यानं. त्यांच्या राणीसाहेबांनी दूध तापवलं, पण परक्या गावात विरजण कुठलं? ते याच वाटीतून दिलं जैतूनच्या पणजीनं. ही गोष्ट राजांनी लहानपणी शंभरदा ऐकली होती. मोठेपणी सोयीनं विसरले होते, इतकंच.

"त्या दिवसाच्या दह्यानं दुसऱ्या दिवसाचं लागलं, दुसऱ्याच्यानं तिसऱ्याचं, ते आजतागायत," जैतून म्हणाली. "दूध तुमचं, विरजण आमचं. तुमची काडी न्यायची नाही, आमची ठेवायची नाही. तेव्हा विरजण तेवढं वेगळं काढून द्या, आम्ही निघालो!"

"त्यात काय!" पंतांनी दही स्वतःच्या उपरण्यात बांधलं आणि खुंटीला टांगलं. पाणी ठिबकलं पंतांच्या धोतरावर. आत उरला चक्का.

"श्रीखंडाची सोय झाली, पंत," जैतून म्हणाली. "विरजण कुठंय?"

पंत लालबुंद झाले. "ओता सगळं उकिरड्यावर! उद्यापासून लिंबू पिळून दही लावू!"

लिंबाचं नाव ऐकून राजांचं तोंड आंबट झालं.

"उद्याचं उद्या," जैतून म्हणाली. "पण चार पिढ्या पोटात गेलं त्याचं काय? सरकारांचं बाळसं याच दह्यावरचं. आमचं ते सगळं न्यायचं, हा तर सरकारांचाच हुकूम! तेव्हा सरकार, आता तुम्हीही चला दांड्यावर. आमच्या शेजारी झोपडी बांधून देऊ. आणि पंत, तुम्हीही रोज इथंच जेवता ना? आवरा लवकर, दिवेलागणीला फार वेळ नाही!"

मग राजांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना! ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "पंत, ऐकलंत? आपण दोघंही बाहेरचे निघालो!"

हुकूम तिथंच रद्द झाला. "आणखी काय हवं, पोरी?"

"माझा बावा नगारा वाजवतो तेव्हा तुमचा दरबार भरतो, सरकार. पण बावा उभा उंबऱ्याबाहेर. मला त्याची लाज नाही वाटत, राग येतो."

राजांचं हसू ओसरलं. "खरं आहे तुझं. उद्यापासून याकूब आत बसेल, आणि बसेल तो पंतांच्या शेजारी!"

मग त्यांनी कागद मागवला, चाळीस घरांची कायमची सनद लिहिली, शिक्का मारला, गुंडाळी केली आणि शिसवी वाटीत उभी करून जैतूनच्या हातात दिली. "शेजाऱ्याची वाटी रिकामी कशी पाठवायची!"

जैतूननं सनद नीट वाचली. मग वाटीत डोकावून पाहिलं, आणि वाटी पुन्हा पुढं केली.

"सरकार, गूळ राहिला!"

राजे पुन्हा खदखदून हसले, आणि गूळ आणायला भिकोपंतांनाच कोठीकडं धाडलं.