कुलूपबंद इंटरनेट

हिरडगावच्या रणधीरराव सरकारांचा घोडा अर्ध्या उडीत थांबला आणि संगणकाच्या पडद्यावर एक गोल चकती फिरू लागली. पलीकडे, इंदूरला, सरकारांचे जुने मित्र बुद्धिबळाच्या पटापाशी वाट बघत होते. घड्याळ चालू होतं. चकती फिरतच राहिली. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली : वेळ संपली, तुम्ही हरलात.

महिन्यातली ही अकरावी हार होती.

"दिवाणजी!" सरकार गरजले. "आमचं इंटरनेट कुणीतरी चोरतंय!"

संस्थान विलीन होऊन सत्तरच्या वर वर्षं झाली होती, पण ही बातमी सरकारांच्या स्वभावापर्यंत अजून पोचली नव्हती. राजवाड्याला इंटरनेट एकच. तेच मागच्या अंगाला असलेल्या नोकरांच्या खोल्यांनाही मिळे. महिन्यापूर्वी दिवाणजींनी पेपरात वाचलं, की लोक दुसऱ्याचं इंटरनेट चोरतात. सरकारांनी त्याच दिवशी राउटरची डबी दिवाणखान्यातल्या फळीवरून उचलली, आजोबांच्या जाडजूड लोखंडी कपाटात ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. तारा आत घ्यायला कपाटाच्या बुडाशी एक भोक होतं, तेवढंच.

तेव्हापासून इंटरनेट आजारी पडलं.

कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "डबी बघू द्या."

"कोण कुठले तुम्ही? आणि कपाट उघडून दाखवू?" सरकार म्हणाले. त्यानं बाहेरून तार तपासली, तार ठीक आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मग दिवाणजींनी पासवर्ड बदलला. तो इतका अवघड ठेवला, की दोन दिवस त्यांनाच आठवेना. इंटरनेट होतं तसंच राहिलं.

आज मात्र सरकारांनी सगळ्या नोकरांना अंगणात बोलावलं.

"उद्या दुपारपर्यंत चोर सापडला नाही, तर मागच्या खोल्यांचं इंटरनेट बंद! आणि नीट ऐका. डबी कपाटाबाहेर येणार नाही. दार उघडं राहणार नाही. नवीन काही विकत आणायचं नाही. हा आमचा शब्द आहे!"

दिवाणखान्याची झाडलोट करणाऱ्या शेवंताला आधी आपली नात आठवली. तिची लेक सुरतेला होती. लेकीला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती आणि शेवंतानं नात पाहिली होती ती फक्त फोनवर. तीही या महिन्यात फक्त सकाळी नऊच्या सुमाराला. इतर वेळी नात दिसतच नसे. कालच पोर पडद्यावर जांभई देता देता गोठली, ती तशीच राहिली.

त्या रात्री शेवंता विचार करत पडली. नऊलाच का? नऊला काय होतं?

नऊला सरकार कपाट उघडून डबी जागेवर आहे का, ते बघत. दहा मिनिटं तिथं उभे राहत आणि मग कुलूप घालत.

सकाळी ती सरकारांपुढं जाऊन उभी राहिली. "सरकार, चोर सापडला."

"कोण तो? नाव सांग!"

"नाव सांगून पटायचं नाही. चोरी करतानाच धरून देते. तुमचा मोबाइल जरा कपाटात ठेवा आणि कुलूप घाला."

सरकारांनी ठेवला. कुलूप घातलं. ते दोनदा ओढून पाहिलं.

"आता दिवाणजी, सरकारांना फोन लावा."

दिवाणजींनी लावला. फोनमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"बाहेर?" सरकार ओरडले. "आम्ही तर इथं उभे आहोत!"

"तुम्ही इथं आहात सरकार, पण फोन चोराच्या पोटात आहे. हे कपाट बाहेरचं आत येऊ देत नाही आणि आतलं बाहेर जाऊ देत नाही. इंटरनेटही तेच गिळतंय."

सरकार ताठ झाले. "असेल. पण शब्द म्हणजे शब्द! डबी आतच राहील, दार बंदच राहील. आता आण बघू तुझं इंटरनेट!"

"आणते की! सरकारांनी तेवढं निवांत जेवून यावं. आणि जीपचा ड्रायव्हर मला घटकाभर द्यावा, त्याच्या पान्यासकट."

सरकार जेवून आले. कपाट भिंतीपासून हातभर पुढं सरकलं होतं, एवढाच फरक. डबी आत होती. दार बंद होतं. किल्ली सरकारांच्याच कमरेला होती. त्यांनी संगणक लावला. इंदूरचे मित्र तयारच होते. डाव तासभर चालला. चकती एकदाही फिरली नाही आणि सरकार जिंकले. मागच्या खोल्यांतून फोनवर बोलणाऱ्यांचा एकच गलका ऐकू येत होता.

सरकार उठले, कपाटाला एक फेरी मारली आणि मागं जाऊन थबकले. मागचा अख्खा पत्रा गायब होता! आठ बोल्ट एका वाटीत नीट काढून ठेवले होते.

"शेवंते! या कपाटाची पाठ कुठं आहे?"

शेवंतानं पदर सावरला. "सरकार, तुमच्या सात पिढ्यांनी कधी कुणाला पाठ दाखवली नाही. अशा घराण्यातल्या कपाटाला पाठ हवीच कशाला?"

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले.

सरकारांचा चेहरा आधी लाल झाला, मग मिशा थरथरल्या आणि मग ते असे हसले, की दिवाणखान्याच्या तावदानांवरची कबुतरं उडाली!

"दिवाणजी, लिहा! मागच्या खोल्यांचं इंटरनेट कायम. शेवंताला महिन्याची भरपगारी रजा. सुरतेला आमची जीप सोडून येईल. आणि तिच्या नातीसाठी आमच्याकडून चांदीचे वाळे. आजच सोनाराला बोलवा!"

"जी सरकार," दिवाणजी म्हणाले. "आणि तो पत्रा?"

"त्याची रवानगी अडगळीत करा," सरकार डोळे पुसत म्हणाले. "चोराला शिक्षा नको का!"