मांडीवरचा तांब्या

आप्पासाहेबांची गाडी ओढ्यावरच्या पुलावरून आली, तेव्हाची ती धडधड मला अजून ऐकू येते. त्यांनी मोठी अलॉय चाकं बसवली होती, त्यावर पातळ टायर. मागे सून बसली होती, पहिल्या बाळंतपणाला घाटाखाली माहेरी निघालेली. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. शेजारी आप्पासाहेबांची थोरली बहीण, द्वारकाबाई.

माझ्या पंक्चरच्या टपरीपाशी उतरून आप्पासाहेब म्हणाले, "हवा अजून भर. मोठ्या चाकाला गच्च लागते."

मी म्हणालो, "आधीच जास्त आहे, साहेब. थोडी सोडू या. पुढे घाट आहे, टणक चाकाने गचके बसतील."

"गाडी माझी का तुझी?"

द्वारकाबाईंनी सुनेला हात धरून उतरवलं. माझ्या माठातून तांब्या गळ्यापर्यंत भरून भावाच्या हाती दिला. "आप्पा, हा मांडीवर धरून मागे बस. ड्रायव्हर पुलापर्यंत फिरवून आणेल. सांडलं नाही, तर तू म्हणशील तेवढी हवा."

आप्पासाहेब परतले, तेव्हा धोतर भिजलेलं होतं.

"तुझ्या मांडीवरचं पाणी पुलापर्यंत टिकलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "हिच्या पोटातलं घाटभर कसं टिकेल?"

आप्पासाहेबांनी सुनेकडे पाहिलं. मग चाकाकडे बोट दाखवून मला हवा सोडायची खूण केली आणि धोतर झटकत ओढ्याच्या दिशेने चालत गेले.